मोजदाद आणि पारख : विद्यापीठीय संशोधनाच्या संदर्भगणनेचा इतिहास



ज्या शाळेत आपण अक्षरे गिरवली, त्याच शाळेने आपल्याला व्याख्यानासाठी बोलवावे आणि तेही आपल्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, यापरता दुसरा मान माझ्या लेखी नाही. चालकांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

सरांची एक आठवण सांगून विषयाकडे वळतो. गोवा मुक्त होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. शाळेचे ग्रंथालय म्हणजे तीन लाकडी कपाटे. त्यांच्या किल्ल्या सरांच्याच कमरेला असत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली असे आणि पुस्तक नेणाऱ्याची तारीख तीवर पडे. वर्षअखेरीस सर आम्हां मुलांकडून या तारखा मोजून घेत. ज्या पुस्तकावर तारखा अधिक, ते बांधणीला जाई. एकदा मी मोठ्या शहाणपणाने विचारले, “सर, ज्यांच्यावर एकही तारीख नाही ती पुस्तके काढून टाकावयाची का?” सर म्हणाले, “चिठ्ठीवरून पुस्तक किती जणांनी नेले ते कळते. ते कसे आहे हे कळायला ते वाचावे लागते, बाबा.”

पुढे चाळीस वर्षे महाविद्यालयात आणि विद्यापीठात काढल्यावर ध्यानात आले, की सरांनी त्या दिवशी विद्वज्जगतातील एका मोठ्या वादाचे मर्म सांगितले होते. आज देशोदेशींच्या विद्यापीठांचे संशोधन अशाच चिठ्ठ्यांवरील नोंदी मोजून तोलले जाते. या मोजणीचा इतिहास आपल्यापुढे मांडावा, असे मी योजिले आहे.

१. चिठ्ठ्यांचा जन्म

एका लेखकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखनाचा स्थळनिर्देशासह उल्लेख करणे, याला इंग्रजीत ‘सायटेशन’ म्हणतात. आपण त्याला संदर्भनिर्देश म्हणू. पूर्वसूरींचे ऋण मानण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. आपली भाष्य-टीकांची परंपरा पूर्वपक्ष मांडल्याशिवाय पाऊल टाकीत नाही. परंतु कोणी कोणाचा निर्देश केला याची उलट दिशेने नोंद ठेवण्याची कल्पना मात्र विद्यापीठात जन्मली नाही. ती जन्मली वकिलांच्या व्यवसायात.

अमेरिकेतील न्यायालये पूर्वीच्या निवाड्यांच्या आधारे न्याय देतात. एखादा जुना निवाडा आज ग्राह्य आहे की पुढे कोणत्या न्यायालयाने तो फिरविला, हे वकिलाला ठाऊक असावेच लागते. १८७३ मध्ये इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी ही सोय करून दिली. प्रारंभी त्यांनी डिंक लावलेल्या कागदाच्या पट्ट्या छापल्या; वकिलाने त्या आपल्या निकालसंग्रहातील मूळ निवाड्याच्या समासात चिकटवावयाच्या. पुढे याच पट्ट्यांचे मोठाले खंड झाले. या खंडांचा एक विशेष पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा. त्यांत केवळ निर्देश कोठे झाला एवढेच नसे. जुना निवाडा मान्य केला, त्यापासून फरक दाखविला की तो रद्द ठरविला, हेही छोट्या अक्षरखुणांनी सांगितलेले असे. म्हणजे मोजणी आणि पारख तेथे एकत्र नांदत होती.

विद्यापीठीय क्षेत्रात या मोजणीचा प्रवेश झाला तो एका गरजू ग्रंथालयामुळे. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघा अभ्यासकांनी १९२७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. लहान महाविद्यालयाने तुटपुंज्या पैशात रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मुखपत्राचा १९२६ चा खंड घेऊन त्यांनी त्यातील संदर्भनिर्देश मोजले. ३,६३३ निर्देश निघाले आणि ते २४७ नियतकालिकांत विभागलेले होते. मूठभर नियतकालिकांकडे पुष्कळ निर्देश आणि उरलेल्यांकडे थोडे थोडे, असे चित्र दिसले. जर्मन नियतकालिकांचा वाटा इतका मोठा होता, की रसायनाच्या विद्यार्थ्याने जर्मन शिकलेच पाहिजे असा निष्कर्ष त्यांनी काढला.

म्हणजे या पहिल्या मोजणीने परभाषेकडे बोट दाखविले होते. पुढे हीच मोजणी एका भाषेचे राज्य स्थिर करण्यास कारण झाली.

ग्रंथालयाच्या व्यवहारात संख्याशास्त्र आणावे, असे म्हणणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले गणिताचे प्राध्यापक शि. रा. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील एका परिषदेत ‘लिब्रामेट्री’ या शास्त्राची सूचना केली. संख्येचा उपयोग वाचकाची सेवा अधिक चांगली करण्यासाठी व्हावा, हीच त्यांची दृष्टी होती.

२. गारफील्ड आणि प्राइस

या क्षेत्रातील युगप्रवर्तक पुरुष म्हणजे यूजीन गारफील्ड. १९२५ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेले हे गृहस्थ रसायनशास्त्राकडून माहितीशास्त्राकडे आले. शेपर्डच्या खंडांशी संबंधित असलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्रामुळे त्यांचे लक्ष वकिलांच्या या साधनाकडे गेले. १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी शास्त्रांसाठीही अशीच सूची असावी असे सुचविले. त्यांचा हेतू मूल्यमापनाचा नव्हता. एखाद्या लेखातील चूक पुढे कोणी दाखवून दिली असेल, तर ती वाचकाला कळावी आणि त्याने जुन्या लेखावर डोळे मिटून विसंबू नये, हा हेतू त्यांनी आरंभीच सांगितला आहे. एका विचाराचे बोट धरून त्याच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत जाता यावे, ही दुसरी सोय.

१९६० मध्ये गारफील्ड यांची संस्था फिलाडेल्फियात उभी राहिली आणि १९६३ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे पहिले खंड बाहेर पडले. १९६१ या एका वर्षातील ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लक्ष संदर्भनिर्देश त्यांत नोंदले होते. संगणकाची ती बाल्यावस्था पाहता हे काम थक्क करणारे आहे. मात्र येथेच एक गोष्ट सुटली. शेपर्डच्या खंडांतील अक्षरखुणा या सूचीत आल्या नाहीत. निर्देश गौरवाचा आहे, खंडनाचा आहे की केवळ रिवाजाचा, हे लेख वाचूनच ठरवावे लागते आणि लक्षावधी लेख कोण वाचणार? निर्देशाचा भाव गळून गेला व संख्या तेवढी उरली.

सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी गारफील्ड आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंग शेर यांनी एका नियतकालिकातील लेखांना सरासरी किती निर्देश मिळतात याचे गणित बसविले. हाच पुढे गाजलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. तोही मुळात नियतकालिके निवडण्याचे साधन होता. माणसे निवडण्याचे नव्हे.

याच काळात डेरेक द सोला प्राइस हा विज्ञानेतिहासकार वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामी पोहोचला. सिंगापूरच्या रॅफल्स महाविद्यालयात असताना ग्रंथालयाची इमारत व्हावयाची होती, म्हणून रॉयल सोसायटीच्या मुखपत्राचे जुने खंड त्यांनी घरी आणून भिंतीशी रचून ठेवले. त्या ढिगांची उंची पाहता पाहता ज्ञान कोणत्या वेगाने वाढते याचा आलेख त्यांना सुचला. १९६५ मध्ये त्यांनी दाखविले, की कोणत्याही एका वर्षात अस्तित्वात असलेल्या लेखांपैकी सुमारे ३५ टक्के लेखांचा कोणीच निर्देश करीत नाही आणि आणखी ४९ टक्क्यांचा एकदाच होतो. अर्थात निर्देशांची वाटणी कधीच समान नसते. १९६८ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याला एक सामाजिक कारणही जोडले : ज्याची कीर्ती आधीच झाली आहे त्याच्याच पदरी आणखी कीर्ती पडते.

३. वाटाड्याचा तराजू झाला

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ही सूची विद्यापीठे तोलण्याचा तराजू कधी आणि कशी झाली?

सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य सरकारांच्या तिजोऱ्या आक्रसू लागल्या आणि संशोधनावरील खर्चाचा हिशेब मागितला जाऊ लागला. १९७६ मध्ये फ्रान्सिस नॅरिन या अमेरिकन अभ्यासकाने मूल्यमापनात्मक ग्रंथमितीवर विस्तृत प्रबंध लिहिला. १९८३ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या बेन मार्टिन आणि जॉन आयर्विन यांनी रेडिओ-खगोलशास्त्राच्या वेधशाळांची तुलना केली. लेखांची संख्या, संदर्भनिर्देश आणि त्या विषयातील तज्ज्ञांची मते ही सर्व त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. यांतील प्रत्येक निकष अपुरा आहे. ते सर्व एकाच दिशेने बोट दाखवीत असतील तरच निष्कर्ष काढावा, असे त्यांनी बजावले. मला वाटते, या विषयात यापेक्षा शहाणे वचन नंतरच्या काळातही फारसे कोणी सांगितलेले नाही.

१९८६ पासून ब्रिटनने विद्यापीठांच्या संशोधनाची देशव्यापी तपासणी सुरू केली. ती तज्ज्ञमंडळांच्या वाचनावर आधारलेली होती आणि तिच्यावर खर्च व वेळ फार होई. तेव्हा चार्ल्स ओपनहाइम यांनी एक साधी तुलना केली. १९९२ च्या तपासणीत तज्ज्ञांनी विभागांना दिलेली श्रेणी आणि त्याच विभागांना मिळालेले संदर्भनिर्देश त्यांनी ताडून पाहिले. जनुकशास्त्र, शरीररचनाशास्त्र आणि पुरातत्त्व या तिन्ही विषयांत दोहोंचा मेळ चांगला बसला. ही गोष्ट आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. संपूर्ण विभागाचे दीर्घकालीन काम घेतले, तर संख्या पुष्कळदा खरे बोलते.

तिचा आणखी एक गुण आपल्यासारख्यांनी विसरू नये. जेथे नेमणुका ओळखीने होतात, जेथे ‘हा आमचा माणूस’ एवढ्यावर विद्वत्ता ठरते, तेथे दूरदेशीच्या अनोळखी वाचकांनी केलेले निर्देश हे एकाकी संशोधकाचे संरक्षक कवच असते. मी माझ्या सेवाकाळात वशिल्याचे निर्णय पुष्कळ पाहिले. त्यामुळे आकड्यांची सरसकट हेटाळणी करणाऱ्यांत मी नाही.

परंतु ब्रिटनने पुढे काय केले तेही पाहावे. २००६ मध्ये तेथील सरकारने तज्ज्ञांच्या तपासणीच्या जागी मुख्यतः आकडे आणण्याचा विचार जाहीर केला. त्यासाठी विद्यापीठांत प्रायोगिक मोजणी झाली. आकड्यांच्या सूत्राने एकट्याने निकाल लावता येण्याइतकी ही पद्धत भक्कम नाही, असे त्या प्रयोगातून निष्पन्न झाले. २०१४ च्या तपासणीत काही शास्त्रविषयक मंडळांनी संदर्भनिर्देशांचा आधार घेतला. भाषा-साहित्याच्या मंडळांनी तो घेतला नाही.

४. क्रमवारीचे युग

२००३ मध्ये शांघाय जिआओ तोंग विद्यापीठाने जगातील विद्यापीठांची क्रमवारी प्रसिद्ध केली. चिनी विद्यापीठे जगाच्या तुलनेत कोठे आहेत हे पाहण्यासाठी केलेला तो खटाटोप पाहता पाहता जगाचा मानदंड झाला. तिचे निकष असे : नोबेल पारितोषिक आणि गणितातील फील्ड्स पदक मिळविलेले माजी विद्यार्थी (१० टक्के) आणि अध्यापक (२० टक्के), सर्वाधिक निर्देश लाभलेले संशोधक (२० टक्के), ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधील लेख (२० टक्के), विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांच्या सूचींतील लेख (२० टक्के) आणि अध्यापकसंख्येच्या मानाने कामगिरी (१० टक्के). गारफील्ड यांच्या संस्थेने कला व मानव्यविद्यांसाठीही १९७८ पासून स्वतंत्र सूची चालविली आहे; ती या मोजणीत धरलेली नाही. म्हणजे एखाद्या विद्यापीठातील भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान यांचे विभाग उद्या बंद झाले, तरी त्याच्या लेखांच्या गुणांत उणेपणा येणार नाही.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ मांडला. ज्याच्या चाळीस लेखांना प्रत्येकी निदान चाळीस निर्देश मिळाले, त्याचा निर्देशांक चाळीस. कल्पना सुटसुटीत असल्याने ती वणव्यासारखी पसरली आणि व्यक्तीसाठी योजलेले हे माप विभागांना व विद्यापीठांनाही लावले जाऊ लागले.

सरासरी किती फसवी असू शकते, याचे उदाहरण २०१० मध्ये जगाने पाहिले. लंडनच्या ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ने त्या वर्षी नव्या पद्धतीने क्रमवारी केली आणि तीत इजिप्तमधील अलेक्झांड्रिया विद्यापीठ एकूण १४७ व्या स्थानी आले. केवळ संदर्भनिर्देशांच्या प्रभावात तर ते जगात चौथे ठरले. शोध घेता आढळले, की यामागे मुख्यतः एका लेखकाचे लेख होते आणि त्यांतील पुष्कळसे तो स्वतः संपादक असलेल्या नियतकालिकात छापले गेले होते. लहान गठ्ठ्यात एक जड वस्तू पडली की संपूर्ण गठ्ठ्याचे सरासरी वजन वाढते, एवढाच त्याचा अर्थ. अलेक्झांड्रियाच्या इतर प्रामाणिक अध्यापकांचा त्यात दोषही नव्हता आणि श्रेयही नव्हते.

५. आपल्या देशातील अनुभव

आपल्याकडे ही लाट थोड्या उशिराने आली. पण आली ती मोठ्या जोराने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या नेमणुकीला आणि बढतीला ‘एपीआय’ गुणांची जोड दिली. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ची पहिली क्रमवारी आली, तीत लेख आणि निर्देश मोजण्यासाठी परदेशी सूचींचा आधार घेण्यात आला. ‘नॅक’च्या २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यापीठाचा एच-निर्देशांक विचारणारा रकानाच आला.

परिणाम काय झाला? लेख मोजले जाणार म्हटल्यावर लेख पिकू लागले. पैसे घेऊन आठवडाभरात काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार भरला. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तीतही अशी नियतकालिके शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासगटाने २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचविलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी बारकाईने छाननी केली, त्यांपैकी दहांतील जवळजवळ नऊ निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली आणि ‘केअर’ यादीची योजना केली. २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविण्यात आली. मोजमाप हेच जेव्हा ध्येय होते, तेव्हा ते चांगले मोजमाप राहत नाही, असे पाश्चात्त्य विचारवंतांनी म्हटले आहे. त्याचा पुरावा आपण पंधरा वर्षे घरातच पाहिला.

६. दोन गोमंतकीय

मित्रहो, तत्त्वाची चर्चा पुरे. आपल्याच मातीतील दोन विद्वानांची उदाहरणे घेऊ.

पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ मध्ये गोव्यातील कोसबेन येथे त्यांचा जन्म झाला. १९३० आणि ४० च्या दशकांत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. तेथे असताना त्यांनी लिहिलेला अवघ्या चार पानांचा एक लेख १९४४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. गुणसूत्रावर जनुके ओळीने मांडलेली असतात. त्यांच्यातील अंतर संकराच्या प्रयोगांतून अजमावावे लागते. परंतु दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा अदलाबदल झाली, तर ती नजरेतून सुटते आणि एके ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला काहीशी अटकाव करते. हे सर्व लक्षात घेऊन अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी दिले. भात-गव्हासारख्या पिकांच्या जनुकीय नकाशांत ‘कोसंबी फलन’ आजही वापरले जाते. पुष्कळ संशोधक नुसते ‘कोसंबी’ एवढेच लिहितात, मूळ लेखाचा निर्देश करीतही नाहीत. एखादी कल्पना इतकी अंगवळणी पडावी की तिच्या कर्त्याचा संदर्भ देण्याची गरजच वाटू नये, ही कीर्तीची परमावधी. पण मोजणीच्या हिशेबी ते नुकसान आहे.

आता विद्यापीठांची प्रत जोखणाऱ्याने या लेखाचे निर्देश कोणत्या संस्थेच्या खाती मांडावेत? पत्ता पाहून ते फर्ग्युसनच्या खाती जातील. तेवढ्यावरून १९४० च्या दशकातील फर्ग्युसन हे जनुकशास्त्राचे मोठे केंद्र होते, असे अनुमान कोणी केले तर ते कितपत ग्राह्य धरावे? आणि याच कोसंबींनी शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा ग्रंथ लिहिला. हे दोन्ही ग्रंथ आहेत. नियतकालिकांच्या सूचीत मूळ नोंद म्हणून त्यांना जागा नाही.

दुसरे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. १८९४ मध्ये जन्मलेल्या या व्रतस्थ माणसाने गोव्याच्या पुराभिलेखागारात आयुष्य वेचले. पोर्तुगीज दप्तरांतील मराठ्यांच्या इतिहासाची साधने त्यांनी उजेडात आणली. राज्यमंडळाच्या ठरावांचे खंड त्यांनी पोर्तुगीजमध्ये संपादिले आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. शिवकालातील गोव्यावर लिहिणाऱ्याला त्यांच्या दाराशी गेल्यावाचून गत्यंतर नाही. पण त्यांचे ऋण मानणारे ग्रंथ मराठीत, पोर्तुगीजमध्ये, इंग्रजीत विखुरलेले आहेत. मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर पोसलेल्या सूचीत त्यांचा फारच थोडा अंश उतरणार. त्या यंत्राला विचारले, तर कोसंबींची चार पाने मोठी आणि पिसुर्लेकरांचे उभे आयुष्य नगण्य ठरेल. येथे यंत्र खोटे बोलत नाही. ज्या रस्त्यावर त्याचा नाका आहे तेथील गाड्या ते इमानाने मोजते. पण दुसऱ्या रस्त्यावर वाहतूकच नाही, असे ठरविणारे आपण असतो.

७. एक कबुली

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका विद्यापीठाच्या निवड समितीवर मी बाहेरचा तज्ज्ञ म्हणून गेलो होतो. एक उमेदवार महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांवर बारा वर्षे काम करीत होता. त्याने एका पोथीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली होती. ती जिल्ह्याच्या गावातील लहान प्रकाशकाने छापली होती. अर्जात संदर्भनिर्देशांच्या संख्येचा रकाना होता. त्याने प्रांजळपणे शून्य लिहिले होते. दुसऱ्या उमेदवाराचे दोन वर्षांत अकरा लेख होते. गुणांची बेरीज आमच्यापुढे तयार ठेवलेली होती. ती आवृत्ती टेबलावर होती. मी ती चाळली, पाठभेदांच्या टिपा पाहिल्या, मनात दाद दिली आणि बेरजेखाली सही केली. तिसऱ्या गाडीने घरी पोहोचावयाचे होते. पुढे त्या अकरांतील काही लेख कोठे छापले होते ते नियतकालिकच सापडेनासे झाले.

दोष त्या रकान्याचा, असे मी पुष्कळ दिवस म्हणत असे. आज तसे म्हणवत नाही. रकान्याने संख्या मागितली होती. वाचू नका असे सांगितले नव्हते. तज्ज्ञ म्हणून मला बोलावले होते ते वाचण्यासाठी आणि नेमके तेवढेच काम मी केले नाही. आकड्यांचे खरे आकर्षण येथे आहे. ते निर्णय अचूक करतात म्हणून आपण त्यांना शरण जात नाही. निर्णयाचे ओझे ते आपल्या खांद्यावरून उतरवितात म्हणून जातो.

८. पुढे काय

जगात आता या बाबतीत काही शहाणपण येऊ लागले आहे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, असे बजावले. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आहेत. आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, हे पहिले. आणि स्थानिक महत्त्वाच्या, स्थानिक भाषांतील उत्तम संशोधनाचे रक्षण करावे, हे तिसरे. हा जाहीरनामा संदर्भगणनेच्या विरोधकांनी नव्हे, त्या शास्त्रातील जाणत्यांनीच लिहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. २०१९ मध्ये हेलसिंकी येथून विद्वद्व्यवहारातील बहुभाषिकतेसाठी आवाहन निघाले.

मात्र जगाकडे बोट दाखविताना आपल्याकडेही पाहावे लागेल. मराठी नियतकालिकांत पुष्कळ लेखांना संदर्भटिपाच नसतात. असल्या तर आवृत्ती, वर्ष, पृष्ठ यांचा पत्ता नसतो. आपण एकमेकांचे लेखन वाचतो, त्यातील मुद्दे उचलतो आणि ‘एका अभ्यासकाने म्हटले आहे’ एवढ्यावर वेळ मारून नेतो. परदेशी सूचीने आपली नोंद घेतली नाही ही तक्रार खरी आहे. पण आपणच आपली नोंद ठेवली नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्यांनी पोथ्या जुळविल्या, दप्तरे चाळली, बोलींचे शब्द गोळा केले, त्यांचे नाव, ग्रंथ आणि पृष्ठ नीट लिहिणे हे आपल्या हातात आहे. त्याला कोणाच्या मान्यतेची गरज नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आहेत. त्यांतील काही जण उद्या निवड समित्यांवर बसतील. त्यांना माझी हात जोडून विनंती एवढीच : बेरीज जरूर पाहा, ती पाहिल्यावाचून वशिल्याला आळा बसत नाही. विषयाविषयांतील फरक ध्यानात घ्या. जीवशास्त्राच्या मापाने गणित तोलू नका आणि गणिताच्या मापाने मराठी. एका माणसाचे काम आणि एका संस्थेची शक्ती यांची गल्लत करू नका. आणि सही करण्यापूर्वी, समोर ठेवलेल्या कामातील निदान वीस पाने वाचा, मग गाडी चुकली तरी चालेल.

सरांच्या कपाटातील ज्या पुस्तकांवर एकही तारीख नव्हती, त्यांतील एक त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात ठेवले होते. चिठ्ठीवर पहिली तारीख माझी पडली. ते मला फारसे कळले नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. पण पुस्तक उघडून पाहावे लागते, हा धडा त्यांनी दिला होता आणि मी तो ऐन वेळी विसरलो. त्यांच्या स्मृतीसमोर उभे राहून हे बोलता आले, याबद्दल शाळेचा मी ऋणी आहे.